गणपतीपर्यंत फ्लॉपी नको

त्या वर्षी मी माणसांना फ्लॉप्या वाटत सुटले होते. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझं ऑफिस होतं. खाली लेथ मशीन चालायचं, वर मी आणि माझा कॉम्प्युटर. शुक्रवारी इस्टेट बंद, लाइट बंद, म्हणून शुक्रवारी मी वर्तकनगरला घरी बसून कागदावर प्रोग्रॅम लिहायचे आणि शनिवारी येऊन मशीनवर चढवायचे. आणि दर शुक्रवारी काहीतरी नवीन सुचायचंच! मग लगेच फ्लॉप्या भरा, लेबलं चिकटवा, वर लाल पेनने 'नवीन' लिहा. आई म्हणायची, "अगं, हळदीकुंकवाचं वाण आहे का ते? घरोघरी काय वाटत फिरतेस!"

मी विकत होते ते पत्रिकेचं गणित. जन्माची तारीख, वेळ आणि गाव घातलं की चंद्र कुठे होता, नक्षत्र कुठलं, लग्न कुठलं, ते काढून देणारं. माझा स्वतःचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण गणित मला आवडायचं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या घरी म्हणून कॉम्प्युटर यायचा, त्याच्या घरातले पहिल्यांदा हेच विचारायचे, की ह्याच्यावर पत्रिका निघते का.

माझी गिऱ्हाइकं थोडीफार प्रोग्रॅमिंग करणारी होती. मी फक्त आतलं गणित द्यायचे. वर गणपती, खाली श्लोक, मध्ये कुंडलीची चौकट आणि स्वतःचं नाव ठळक, ही सगळी मांडणी ज्याने त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये केलेली. त्यामुळे मी माझ्या बाजूला टाचणीएवढं जरी काही बदललं, तरी त्यांना आपला अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला लागायचा. म्हणजे माणसाने लिहिलेलं सगळं मशीनने पहिल्या ओळीपासून परत वाचायचं आणि आपल्या भाषेत उतरवून घ्यायचं. तेव्हाची मशीनं रडतखडत चालायची. एकदा कंपाइलला लावलं की संध्याकाळ गेली. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मला काय, फ्लॉपी हातात दिली की माझं काम संपलं. वर 'लावली का?' म्हणून फोन करून उच्छाद आणायला मी मोकळी.

ह्या गिऱ्हाइकांत डोंबिवलीच्या काकू होत्या. त्यांचे यजमान पत्रिका मांडायचे. समोर पंचांग, हातात पेन्सिल, बाहेर चपलांची रांग. ते गेल्यावर लोक यायचे काही थांबले नाहीत. गुण जुळवणं, पत्रिका वाचून सांगणं, आलेल्या माणसाला धीर देणं काकूंना उत्तम जमायचं. आकडेमोड मात्र सगळी यजमानांची होती. म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि मुलीला कल्याणच्या क्लासला घातलं. मुलीने झकास मांडणी करून दिली. ती नोकरीला आमच्या इस्टेटमध्येच, मागच्या गल्लीतल्या एका ऑफिसात होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याकडे यायची आणि जाताना फ्लॉपी घेऊन जायची.

घरात मशीन एकच. दिवसभर काकूंसमोर माणसं बसलेली, म्हणून कंपाइल करायचं ते हिने कामावरून गेल्यावर. नुसतं कंपाइल करूनही ती थांबायची नाही. जुन्या काही पत्रिका पुन्हा काढून आधीच्या कागदांशी ताडून बघायची, आणि मगच आईला मशीनवर बसू द्यायची. हे मला माहीत होतं. तरी मी फ्लॉप्या देतच होते.

जूनच्या सुरुवातीला ती पेढे घेऊन आली.

"कसले गं?"

"वाढदिवसाचे."

"तुझा तर थंडीत असतो."

ती डब्याच्या झाकणाशी खेळत बसली. मग कळलं, समोरच्या कंपनीत एक मुलगा होता. जातीतलाच, शिकलेला, घरचे सरळ. दोघांचं ठरल्यात जमा होतं, फक्त रीतसर विचारायचं राहिलं होतं.

"एक जून?" मी म्हटलं. "खरा की हेडमास्तरांचा?" आपल्याकडे शाळेत घालताना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून ठोकून द्यायचे. ऑफिसात दहा जण असले तर दोघंतिघं एक जूनवाले निघायचेच.

"खराखुरा, ताई! पहाटे, दवाखान्यात. त्याची आई दर वर्षी ती गोष्ट सांगते."

मी हसले आणि पेढा तोंडात टाकला.

पुढे काही आठवड्यांनी ती आली ती तोंड पाडून. आदल्याच आठवड्यात मी एक फ्लॉपी दिली होती. तिच्यात काय होतं? प्रोग्रॅम चुकीची तारीख धुडकावताना जो संदेश दाखवायचा, त्याचा रंग पिवळ्याचा लाल केला होता. बस्स.

"ताई, रागवू नका. त्या रंगासाठी मी अख्खी संध्याकाळ बसलेले. लाइट गेली, परत पहिल्यापासून. तो तलावपाळीला वाट बघून बघून घरी गेला. दर वेळी हेच होतं. आईला सांगता येत नाही, त्याला सांगून पटत नाही. गणपतीपर्यंत एकही फ्लॉपी नको, प्लीज! गणपती झाले की त्याच्या घरचे आमच्याकडे येणार आहेत. तेवढे दिवस तरी मला मोकळं सोडा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या कामाला कोणी नको म्हटलं की झोंबतातच. "बरं बाई, नाही देत! राहिलं," असं फटकन बोलले. ती गेल्यावर मात्र फार लाज वाटली. एका पोरीच्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी मी रंगात घालवत होते. मी ठरवून टाकलं, आता सगळ्यांनाच एकदम, गणपती झाल्यावर. तोवर जे काय सुचेल ते टेबलाच्या खणात.

आणि पाळलंसुद्धा. मला वाटलं, चला, आपल्याला शहाणपण आलं.

आषाढात शहाडहून एका गृहस्थांचा फोन आला. नोकरीतून निवृत्त झालेले, हौसेने पत्रिका काढायचे, माझं जुनं गिऱ्हाईक. एक जूनला जन्मलेल्या कोणाचीतरी पत्रिका त्यांना हाताने मांडलेल्या पत्रिकेपेक्षा वेगळी आली होती. त्यांनी आधी सोडून दिलं, म्हणाले, "म्हटलं शाळेतली तारीख असेल हो, कोण मेलं खरं सांगतं!" पण मग एक जानेवारीचीही चुकली, तेव्हा ते जागे झाले.

मी बघितलं तर चूक माझीच. आकाशातलं गणित लंडनच्या घड्याळाने चालतं, म्हणून आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे असतात. पहाटे साडेपाचच्या आत जन्म झाला असेल तर तारीख आदल्या दिवशी जाते, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. तिथे मी शहाणीने सरसकट तीस तारीख धरली होती. एकतीसचा महिना असला की चंद्र अख्खा एक दिवस मागे. चंद्र मागे म्हणजे नक्षत्र चुकीचं, आणि नक्षत्र चुकलं की गुणमेलन कसलं डोंबलाचं!

त्याच दुपारी दुरुस्त केलं. शहाडच्या गृहस्थांना त्यांची फ्लॉपी दिली. बाकीच्यांच्या भरल्या आणि खणात टाकल्या. मनात म्हटलं, एक तारखेला, तेही पहाटे, जन्मलेले असे असून असून किती असणार? आणि एक जूनवाल्यांच्या तारखा तर मास्तरांच्या! ह्यासाठी सगळ्यांना पुन्हा कंपाइल करायला लावायचं? पोरीने हात जोडून सांगितलंय. नकोच.

पेढा आठवला नाही. खरं सांगते, डोक्यात ट्यूब पेटलीच नाही. आणि ट्यूबचंही सोडा, एक फोन करायला काय झालं होतं मला? 'एक तारखेची पत्रिका आली तर मशीनवर काढू नका, मला सांगा' एवढंच म्हणायचं होतं. त्याला ना फ्लॉपी लागत होती, ना कंपाइल. पण रंग बदलला की मी दवंडी पिटायचे, आणि चुकलं तेव्हा मूग गिळून बसले. वर ते मूग मी दयेच्या नावावर खपवले. आजही हे आठवलं की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

गणपती आले, गेले. फ्लॉप्या बाहेर काढायची वेळ झाली तेव्हा मला नवीन खूळ लागलं होतं: दोन पत्रिका दिल्या की छत्तीस गुणांचं कोष्टक आपोआप काढून द्यायचं. म्हटलं, देतोच आहोत तर हेही घालून देऊ, बिचाऱ्यांना उगाच दोनदा त्रास कशाला. कोष्टक काही लवकर जमेना. मी आपली आज होईल, उद्या होईल करत बसले. पितृपक्ष गेला, घट बसले.

नवरात्रात त्या मुलाच्या घरचे काकूंकडे गेले. रीतसर, नारळ घेऊन. मुलाची पत्रिका त्यांनी कधी केलीच नव्हती. "तुम्ही घरच्याच आहात, तुम्हीच काढा," म्हणाले आणि तारीख-वेळ एका चिठ्ठीवर लिहून दिली. काकूंनी मशीनवर घातली. मुलाचं नक्षत्र आलं भरणी. मुलीचं पुष्य. दोघांची मध्य नाडी. एकनाडी म्हणजे पत्रिका बघणाऱ्यांच्या लेखी विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत आली आणि डबा न उघडता बसून राहिली. "आई नाही म्हणाली," एवढंच बोलली. माझं डोकंच फिरलं. पुढच्या शुक्रवारी तडक डोंबिवली गाठली आणि काकूंशी भांडायलाच बसले.

"काकू, कमाल करता तुम्ही! पोरं एकमेकांना पसंत आहेत, घर चांगलं आहे, आणि तुम्ही नाडी काढून बसलात? काय होतं हो एकनाडीने?"

"काय होतं ते मला नाही ठाऊक," काकू म्हणाल्या. त्यांचेही डोळे रडून सुजलेले होते. "पण ह्याच खुर्चीत बसून मी किती आयांना नाही म्हटलंय. त्याही अशाच रडत गेल्या. आता माझ्या पोरीची वेळ आली तर डोळेझाक करू? मग त्यांना काय तोंड दाखवू?"

"थोतांड आहे सगळं!"

"असेल. पण गणित तुझंच आहे ना? ते चुकतं का?"

"छे! गणिताला बोट लावायला जागा नाही," मी म्हणाले. ठणकावून म्हणाले. कोणी माझ्या गणिताबद्दल विचारलं की माझी मान आपोआप ताठ व्हायची. "गणित बरोबरच आहे. पण—"

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून आत गेल्या.

ती चिठ्ठी समोर कीबोर्डपाशी पडली होती. मी ती उचलून वाचलीसुद्धा नाही. मला नाडीवर भांडायचं होतं ना!

त्या मुलाच्या घरच्यांना नकार लागला. आपण इतकं रीतसर नारळ घेऊन गेलो आणि ह्यांनी मशीनवर बघून नाही सांगितलं, असं त्यांनी धरलं. तो काही दिवस हिच्यामागे येत राहिला, मग त्याच्या आईने अंथरूण धरलं, मग मावशीने कल्याणची एक मुलगी सुचवली. दिवाळीच्या आधी त्याचा साखरपुडा झाला. हे मला तिनेच सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.

माझं कोष्टक तोवर तयार झालं होतं. मी तिला फ्लॉपी दिली. तिने पर्समध्ये टाकली आणि गेली.

चार दिवसांनी ती आली तेव्हा तिच्या हातात दोन कागद होते. एकाच मुलाच्या दोन पत्रिका, एक नवरात्रातली, एक कालची. एकीवर भरणी, दुसरीवर कृत्तिका. कृत्तिका म्हणजे अंत्य नाडी. म्हणजे एकनाडी नव्हतीच. नेहमीप्रमाणे जुन्या पत्रिका ताडून बघताना तिने ही पण काढली होती.

"ह्यातलं बरोबर कुठलं, ताई?"

तेव्हा पेटली माझी ट्यूब. एक जून, पहाट, दवाखाना, पेढा, सगळं एकदम समोर आलं. मी कृत्तिकेच्या कागदावर बोट ठेवलं.

"फ्लॉपीवर गणिताच्या फाइलची तारीख जुलैची दिसते," ती म्हणाली. मशीन प्रत्येक फाइलला ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख लावतं. कोष्टकाची फाइल नवीन होती, गणिताची जुनी. "म्हणजे हे जुलैपासून तयार होतं?"

आता ह्या वेळी माणसाने काय बोलावं? माफी मागावी, तिचा हात धरावा, निदान गप्प तरी बसावं. मी काय बोलले, तर, "अगं, मग तूच म्हणालेलीस ना फ्लॉपी देऊ नका म्हणून!"

अशी जीभ आहे माझी. खालचं लेथही तेवढ्यात बंद पडलं, आणि ते वाक्य स्वच्छ ऐकू गेलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "गणपतीपर्यंत म्हणालेले," ती म्हणाली. मग दोन्ही कागदांची घडी केली. "आईला मी सांगितलंय. तुम्ही एकदा घरी या. ती वाट बघतेय."

मी लगेच गेले नाही. धीरच होईना. त्या दिवसांत मी स्वतःशी हजार वाद घातले. फ्लॉपी दिली असती तरी तिने ती लावली असती का? तिलाच नको होती. पण मग मी उगाचच्या रंगांपायी तिला इतकं पिडलं नसतं, तर तिला ती नको झाली असती का? म्हटलं, पत्रिकाच मुळात थोतांड, मग चुकलेल्या थोतांडाचं पाप कसलं? पण तसं म्हणायचं तर ते विकायला कोणी सांगितलं होतं मला? कुठूनही सुरुवात केली तरी मी शेवटी त्या खणापाशी येऊन थांबायचे.

भाऊबीज झाल्यावर गेले. काकूंनी दार उघडलं, "ये गं, बस," म्हणाल्या आणि फराळाची ताटली आणून समोर ठेवली. चकली, करंजी, चिवडा. मला वाटलं होतं बोलतील, हाकलून देतील. मी ताटलीकडे बघत होते. चकली मोडायचाही हात होईना.

"काकू, माझं चुकलं."

"चुकलं," त्या म्हणाल्या. "पण मुद्दाम नाही केलंस. ती म्हणाली मला. मी तरी काय, मशीनने सांगितलं आणि ऐकलं. तो मुलगा समोर बसला होता, त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही." आतून भांड्यांचा आवाज येत होता. ती आत होती, बाहेर आली नाही.

"ज्यांच्या ज्यांच्या एक तारखेच्या पत्रिका काढल्या, त्यांना निरोप पाठवतेय," काकू म्हणाल्या. "ती रोज कामावरून आली की शोधत बसते. एकीचं लग्न मोडलेलं निघालं. एकीचं झालेलं निघालं. त्यांना काय सांगू ते मला अजून सुचलेलं नाही."

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं. काकूंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"बरं, आता मला एक सांग. ही नवीन फ्लॉपी बरोबर आहे ना?"

"हो."

"नक्की? परवा बदलापूरचे येणारेत तिला बघायला. मुलाची तारीख आली आहे, उद्या पत्रिका काढायची आहे."

महिनाभरापूर्वी ह्याच खोलीत मी ठणकावून सांगितलं होतं. आता मला 'नक्की' म्हणवेना. त्या सगळ्या ओळींमध्ये आणखी कुठे मी सरसकट काय धरून ठेवलं असेल, ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"काकू," मी म्हटलं, "एकदा पंचांग घेऊन हातानेही मांडून बघा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, एखाद्या लहान मुलीकडे बघावं तसं बघितलं.

"हाताने मांडता आली असती, तर तुझ्या दारात कशाला आले असते गं?"